‘कथित’, ‘तथाकथित’ आणि अग्रलेखातली क्रियापदे

प्रश्न असा आहे: एकाच अग्रलेखात आधी ‘कथित गैरव्यवहार’ आणि पुढे ‘तथाकथित तज्ज्ञ’ असे आले आहे, दोन्हींचा अर्थ एकच का?

नाही. ‘कथित’ म्हणजे सांगितला गेलेला. आरोप झाला आहे, सिद्ध झालेला नाही, एवढीच नोंद तो करतो. म्हणून तो कृत्याला लागतो: कथित लाच, कथित मारहाण. ‘तथाकथित’ बहुधा उपाधीला लागतो आणि ती काढून घेतो. लोक तज्ज्ञ म्हणतात, आम्ही मानत नाही. पहिल्यात निकाल राखून ठेवलेला असतो, दुसऱ्यात देऊन टाकलेला. एकेरी अवतरणात ‘तज्ज्ञ’ लिहिले किंवा ‘हे म्हणे तज्ज्ञ!’ म्हटले, तरी काम तेच होते. (‘म्हणे’ नुसती ऐकीव माहितीही दाखवते, तेव्हा संदर्भ पाहावा.)

विशेषणे मात्र चटकन दिसतात. क्रियापदे नजरेतून सुटतात. ‘म्हणाले’ हे साधे. ‘दावा केला’त शंका आहे, ‘स्पष्ट केले’त बोलणाऱ्यावर विश्वास. सर्वांत चलाख ‘कबूल केले’. वाक्य नकारार्थी करून पाहा: ‘उशीर झाल्याचे त्यांनी कबूल केले नाही.’ तरीही उशीर झालाच, असे वाचक धरून चालतो. ‘उशीर झाला, असे ते म्हणाले नाहीत’ यात तसे होत नाही.

मराठीत कर्ता लपवण्याचीही एक सोय आहे: पडणे-पाडणे, फुटणे-फोडणे, तुटणे-तोडणे. कर्ता लपवल्याचा ठपका नेहमी कर्मणी रचनेवर येतो, पण ‘घरे पाडली गेली’ यात कोणीतरी पाडली एवढे तरी उरते. ‘घरे पडली’ म्हटले की तेही जाते.

अग्रलेखात मत असणारच, त्यामुळे ‘तथाकथित’ आला म्हणून लेख वाईट ठरत नाही. तो शब्द गाळून परिच्छेद वाचा. ती व्यक्ती तज्ज्ञ का नाही, याचे कारण शिल्लक राहिले तर शब्द केवळ तिखटपणापुरता होता. नाही राहिले, तर त्या एका शब्दावरच सगळा युक्तिवाद उभा होता. मग एका बाजूचे लोक ‘स्पष्ट करतात’ आणि दुसऱ्या बाजूचे ‘दावा करतात’ का, हे पाहा. कधी त्याला आधार असतो, कारण कागदपत्रे एकाच बाजूने दिलेली असतात. तसा आधार लेखात नसेल, तर क्रियापदांची अदलाबदल करून तोच परिच्छेद पुन्हा वाचावा.