ब्लूटूथ रिसीव्हर लावल्यापासून गाडीच्या स्टिरिओत कुंई येतेय?
मित्रा, लगेच स्टिरिओ उघडायला बसू नकोस. खंबाटकी चढताना ॲक्सिलरेटर दाबला की कुंईऽऽ चढत जाते म्हणतोस ना, मग ती अल्टरनेटरची, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या जनरेटरची. साताऱ्यात मीही आधी नवी महागडी केबल घेऊन पैसे घालवलेत!

12 व्होल्टच्या सॉकेटमधला चार्जर काढ, रिसीव्हर पॉवर बँकेवर चालव. कुंई गेली? मग हा ग्राउंड लूप. चार्जर आणि ऑक्सची (रिसीव्हरमधून स्टिरिओत आवाज नेणारी) वायर, दोन्ही वाटांनी अर्थिंग जोडलं जातं आणि त्या वेटोळ्यातून कुंई शिरते. ऑक्सच्या वायरीत हे वेटोळं तोडणारी ग्राउंड लूप आयसोलेटरची छोटी डबी घाल. स्वस्तातल्या डबीने बेस थोडा पडतो, चालायचंच.

इंजिन बंद असतानाही नुसतं सूंऽ येत असेल, तर फोनचा आवाज जवळजवळ पूर्ण ठेव, स्टिरिओचा कमी.