गीस, गिहसे की गीझे?

स्विस नाटककार ड्युरेनमाटच्या नाटकांविषयी वाचताना एका वाचकाला एकाच जर्मन अभिनेत्रीचं (रोमन लिपीत Therese Giehse) नाव तीन तऱ्हांनी लिहिलेलं आढळलं: थेरेस गीस, थेरेसा गिहसे आणि तेरेझे गीझे. यांतलं बरोबर कोणतं? आणि तिचं जन्माचं आडनाव 'गिफ्ट' होतं, ती इंग्रजीतली भेटवस्तूच का? असे त्यांचे दोन प्रश्न आहेत.

बरोबर तिसरं. 'गिहसे' लिहिणाऱ्यानं रोमन अक्षरं एकेक करून देवनागरीत उतरवली आहेत. पण जर्मनमध्ये स्वरानंतर येणारा असा एच बहुधा उच्चारायचा नसतो. आधीचा स्वर दीर्घ आहे, एवढीच खूण तो करतो. म्हणून 'गी'. दोन स्वरांच्या मधला एस जर्मनमध्ये 'स' राहत नाही, तो घोष होतो, म्हणजे आपल्या 'माझं' या शब्दातला दंत्य झ. आणि शेवटचा ई गिळायचा नसतो, इथेच 'गीस' चुकतं. त्या ई चा उच्चार स्पष्ट 'ए' नाही, तर बोलीतल्या 'माझं', 'केलं'च्या शेवटी येतो तसा लांबवलेला अ आहे. थोडक्यात, 'माझं'मधला 'झं' जसाच्या तसा उचलून 'गी'ला जोडला, की म्युनिकच्या माणसाला ओळखू येईल असा उच्चार होतो. इंग्रजीत ही सोय नाही, मराठीत आहे, आणि म्हणूनच इंग्रजीच्या वाटेनं आलेलं 'गीस' मला पटत नाही. लिहिताना मात्र अनुस्वार दिला तर नाव नपुंसकलिंगी वाटेल. जर्मन कवी गटेच्या नावात आपण शेवटी 'ए' लिहितोच, तसंच इथे 'गीझे' लिहावं.

'थेरेस'मधला थ टी-एच या जोडीमुळे आला. जर्मनमध्ये त्या जोडीचा उच्चार नुसत्या टी सारखाच होतो, आणि तो आपल्या ट आणि त यांच्या मधे कुठेतरी पडतो. 'टेरेझे' लिहिलं तरी चूक म्हणणार नाही. जर्मन नाटककार 'ब्रेख्त'च्या नावात आपण त घेतलाच आहे, म्हणून मी 'तेरेझे' पसंत करतो.

आता 'गिफ्ट'. तेरेझे गिफ्ट ६ मार्च १८९८ रोजी म्युनिकमध्ये एका ज्यू कुटुंबात जन्मली. जर्मनमध्ये गिफ्ट म्हणजे विष. पण वाचकांची शंका मुळाशी जाणारी आहे, कारण दोन्ही शब्द 'देणे' या एकाच धातूतून निघाले आहेत. जर्मनमध्येही गिफ्टचा जुना अर्थ 'दिलेली वस्तू' असाच होता. औषधाच्या मात्रेला ग्रीकमध्ये 'डोसिस' म्हणत, आणि त्याचाही शब्दशः अर्थ 'देणं'च. आपला 'डोस' तिथूनच इंग्रजीमार्गे आला. त्या शब्दाच्या प्रभावानं जर्मन गिफ्ट दिलेल्या मात्रेकडे आणि पुढे जीवघेण्या मात्रेकडे सरकला. जुना अर्थ 'मिटगिफ्ट' या शब्दात टिकून आहे, आणि त्याचा अर्थ आहे हुंडा! जर्मनमध्ये विष नपुंसकलिंगी, हुंडा स्त्रीलिंगी. विष आणि हुंडा एकाच शब्दाच्या पोटी निघावेत, हे वाचून मराठी माणसाला काय वाटेल ते सांगायला नको.

रंगभूमीवर आल्यावर १९२० च्या सुमारास तिनं गीझे हे नाव घेतलं. ते जन्मानं मिळालेलं नाही, स्वतः निवडलेलं आहे, आणि म्हणून ते नीट लिहायला हवं असं मला फार वाटतं. १९२६ पासून ती म्युनिकच्या कामरश्पीले या नाट्यगृहात होती. १ जानेवारी १९३३ रोजी तिनं एरिका आणि क्लाउस मान या लेखक भावंडांबरोबर 'प्फेफरम्यूले' हा कॅबरे, म्हणजे गाणी आणि उपहासाचे छोटे प्रवेश असलेला कार्यक्रम, सुरू केला. नावाचा अर्थ मिरी दळायची चक्की, आणि दळण होतं नाझींवरच्या तिखट टीकेचं. महिन्याभरात हिटलर सत्तेवर आला आणि मार्चमध्ये या मंडळींना देश सोडावा लागला. झुरिकमध्ये चक्की पुन्हा सुरू झाली. स्विस नाझीसमर्थकांनी १९३४ मध्ये तिथेही दंगा केला, तरी युरोपभर हिंडून त्यांनी हजाराहून अधिक प्रयोग केले. १९३६ मध्ये जॉन हॅम्पसन या इंग्लिश लेखकाशी तिनं लग्न केलं, ते ब्रिटिश नागरिकत्वासाठी. म्हणजे जन्माचं एक नाव, लग्नाचं दुसरं, आणि रंगमंचावर शेवटपर्यंत गीझे.

१९ एप्रिल १९४१ रोजी झुरिकच्या शाउश्पीलहाउस या नाट्यगृहात ब्रेख्तचं 'मदर करेज' हे नाटक जगात पहिल्यांदा रंगमंचावर आलं. दिग्दर्शक लिओपोल्ड लिंटबेर्ग, आणि करेज गीझे. ब्रेख्त तेव्हा फिनलंडमध्ये निर्वासित होता, त्याला प्रयोग पाहता आला नाही. या भूमिकेशी ब्रेख्तची अभिनेत्री पत्नी हेलेने वायगेल हिचं नाव जोडलं जातं ते १९४९ च्या बर्लिन प्रयोगामुळे, आणि ते योग्यच आहे, पण पहिली करेज गीझे होती हे विसरू नये. १९५० मध्ये खुद्द ब्रेख्तनं म्युनिकमध्ये तिला घेऊन हे नाटक बसवलं.

जाता जाता: ब्रेख्तच्या नाटकांवरून केलेल्या खानोलकरांच्या 'अजब न्याय वर्तुळाचा'बद्दल किंवा पुलंच्या 'तीन पैशाचा तमाशा'बद्दल लिहिताना आपण 'ब्रेख्त' लिहितो. जर्मनमध्ये 'ए'नंतरचा तो ध्वनी ख नाही, श आणि ह यांच्या मधला आहे. 'आ', 'ओ', 'ऊ' यांच्यानंतर तो ख कडे झुकतो. पण ब्रेख्त आता इतका रुळला आहे की बदलू नये. झुरिक, म्युनिक यांचंही तेच. न रुळलेल्या नावांच्या बाबतीतच मूळ उच्चाराचा आग्रह धरण्यात अर्थ आहे.

ज्या ड्युरेनमाटपासून प्रश्न निघाला, त्याच्या दोन मोठ्या नाटकांचे पहिले प्रयोग गीझेनंच झुरिकमध्ये केले. १९६२ मधल्या 'फिजिसिस्ट्स'मध्ये ती मनोरुग्णालयाची डॉक्टर होती, आणि ते नाटक तिलाच अर्पण केलेलं आहे. त्याआधी २९ जानेवारी १९५६ रोजी 'द व्हिजिट'मध्ये ती आपल्या जुन्या गावाला विकत घ्यायला आलेली अब्जाधीश म्हातारी झाली. त्या पात्राचं आडनाव 'त्साखानासियान' हे तीन धनाढ्यांच्या नावांचे तुकडे जोडून केलं आहे: झाहारॉफ, ओनासिस आणि गुलबेंकियान. त्यातला पहिला ध्वनी म्हणजे आपला 'चमचा'मधला दंत्य च.

चित्रपटांत ती कमी दिसली. 'द लास्ट चान्स' (१९४५) हा निर्वासितांवरचा स्विस चित्रपट आणि लुई मालचा 'लाकोंब, ल्युसियँ' (१९७४) हे दोन आधी बघावेत. दुसऱ्यात ती लपून राहिलेल्या ज्यू घरातली आजी आहे. ३ मार्च १९७५ रोजी म्युनिकमध्ये तिचं निधन झालं.

विभक्तीचं राहिलं. आपल्याकडे 'काळे'चं 'काळ्यांनी' होतं, म्हणून 'गीझ्यांनी' करू नये. परक्या नावाचं सामान्यरूप न करता गीझेनं, गीझेला, गीझेची असं सरळ लिहावं, आणि आदरार्थी हवं असेल तर गीझेबाईंनी.