कांडी भरली तरी म्हैस उलटते, असं का?

प्रश्न: डॉक्टर, मी हिंगण्याकडे राहतो, घरी नागपुरी म्हैस आहे. तीनदा कांडी भरली, म्हणजे गोठवलेल्या वीर्याची नळी वापरून कृत्रिम रेतन केलं, तिन्ही वेळा उलटली, गाभण न राहता परत माजावर आली. शेजारचे काका म्हणतात बर्फातलं बीज मेलेलंच असतं, रेडा लाव. खरंय का?

उत्तर: नाही हो दादा, ते मेलेलं नसतं. पाणी गोठलं की त्याचे अणकुचीदार स्फटिक शुक्राणूला फाडतात, पण 1949 साली इंग्लंडमध्ये ख्रिस्तोफर पोल्ज आणि सहकाऱ्यांना कोंबड्याच्या वीर्यावर काम करताना कळलं की ग्लिसरॉल घातलं तर ते वाचतात, आणि आजही आपली कांडी त्याच युक्तीवर चालते. द्रवरूप नायट्रोजनमध्ये, उणे 196 अंशाला, ती वर्षानुवर्षं टिकते.

घोळ होतो तो बाहेर काढताना. पुढच्या वेळी तुम्ही स्वतः बाजूला उभे राहा. कांडी शोधायला कांड्यांचा डबा नायट्रोजनच्या कॅनच्या तोंडापर्यंत वर धरून ठेवला, तेही आपल्या नागपूरच्या मे महिन्यात, तर काही सेकंदांतच आतल्या बाकीच्या कांड्याही खराब व्हायला लागतात आणि परत बुडवून त्या सुधरत नाहीत. कांडी 37 अंशाच्या कोमट पाण्यात 30 सेकंद, मग कोरडी पुसायची, कारण पाण्याचा थेंबही शुक्राणूला मारतो.

आणि म्हैस उन्हाळ्यात मुका माज करते, ओरडत नाही, म्हणून पहाटे आणि रात्री सोट, म्हणजे मागून लोंबणारा चिकट स्राव, दिसते का बघा, सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरा. तीनदा उलटलीय म्हणजे आधी गर्भाशय तपासून घ्या. रेड्याची घाई नको, त्याच्याकडून रोग येऊ शकतो.