हळदीचं दूध रोज प्यायल्याने प्रतिकारशक्ती खरंच वाढते का?
घसा शेकतो, बरं वाटतं. बाकी जादू नाही. हळदीतला गुणकारी मानला जाणारा घटक म्हणजे कर्क्युमिन, तो साधारण 3 टक्के. म्हणजे अर्ध्या चमच्यातून जेमतेम 45 मिलिग्रॅम, आणि दाहावरच्या (शरीरातल्या सूजेवरच्या) प्रयोगांत ते रोज 500 मिलिग्रॅमच्या वर देतात. शिवाय आतड्यातून ते रक्तात फारसं उतरत नाही. चिमूटभर मिरपूड घाला, दूध सायीसकट घ्या, थोडा फरक पडतो.

अँटिबॉडीज, म्हणजे जंतूंशी लढणारे रक्तातले घटक, बनतात प्रथिनांपासून. आमच्याकडे हळदीचं दूध नेमाने, आणि जेवणात भातावर वरणाचं नुसतं पाणी! उसळ, अंडी वाढवा. प्रतिकारशक्तीला जस्तही (झिंक) लागतं, त्यासाठी तीळ, हरभरे. पोटाचा घेर सुटला असेल तर तिथली चरबीच दाह वाढवणारी रसायनं सोडत असते. हळदीच्या दुधातली दोन चमचे साखर आधी बंद करा.