पिल्लू घरी आलं, लस अजून बाकी आहे

दिवाळीच्या आगेमागे गावोगाव कुत्र्या वितात आणि महिना-दीड महिन्यात पिल्लं घरोघर जातात. त्या दिवसांत या सदराकडं येणारी पत्रं बहुतेक या पिल्लांबद्दलचीच असतात. यातली काही पिल्लं होळीही बघत नाहीत, आणि ज्यामुळं जातात त्यातलं बरंचसं टाळता येण्यासारखं असतं. म्हणून या वेळी सगळी जागा याच विषयाला दिली आहे.

प्रश्न : मामाच्या गावावरून पिल्लू आणलं. दीड महिन्याचं आहे म्हणतात. पहिली सुई झाली. आता वावरात सोबत न्यायला हरकत नाही ना?
(एक वाचक, ता. आर्णी, जि. यवतमाळ)

हरकत आहे, भाऊ. पण आधी वय नक्की करा, कारण लसीचं सगळं गणित वयावर चालतं. पिल्लाचा ओठ वर करून दात बघा. समोरचे बारीक दात आणि सुळे तिसऱ्या ते पाचव्या आठवड्यात येतात, मागच्या छोट्या दाढा पाचव्या-सहाव्या आठवड्यात. आठ आठवड्यांच्या सुमारास दुधाचे २८ दात पूर्ण होतात. सुळे दिसतात, पण गालाच्या आतून बोट फिरवल्यावर नुसती हिरडी लागते, तर पिल्लू फार तर महिन्याचं आहे. मग पहिली सुई वेळेआधी झाली आहे आणि ती हिशेबात धरता येणार नाही.

एका सुईनं काम का भागत नाही, ते समजून घ्या. जन्मल्यावर पहिल्या दिवसाच्या चिकातून आईची रोगप्रतिकारक प्रतिपिंडं पिल्लाला मिळतात. ती हळूहळू संपतात; एखाद्याची सहाव्या आठवड्यात, एखाद्याची पार चौदाव्या-सोळाव्या. ती अंगात भरपूर असतील तर लसही ती निकामी करतात. पुढं असा काळ येतो की लस अडवण्याइतकी प्रतिपिंडं उरलेली असतात, पण रोग अडवण्याइतकी नसतात. पार्व्हो, म्हणजे उलट्या आणि रक्ताची हगवण लावणारा विषाणूचा रोग, पिल्लाला गाठतो तो याच मधल्या काळात. कोणत्या पिल्लाचा हा काळ कधी येईल हे बाहेरून दिसत नाही, म्हणून सहा ते आठ आठवड्यांना पहिली सुई देऊन दर तीन-चार आठवड्यांनी पुन्हा देत जायची. शेवटची सुई सोळा आठवडे पूर्ण झाल्यावरच. बाराव्या आठवड्याला सुया थांबवल्या तर काही पिल्लं उघडी राहतात. रेबीजची लस बारा आठवडे झाल्यावर, आणि वर्षानं पुन्हा. शेवटच्या सुईनंतरही दोन आठवडे थांबायचं.

तोवर पिल्लाचे पाय आणि तोंड कुठं लागतात यावर लक्ष ठेवा. पार्व्होचा विषाणू आजारी कुत्र्याच्या विष्ठेतून पडतो आणि मातीत महिनोनमहिने, सावलीच्या ओलसर जागेत वर्षभरही टिकतो. उकिरडा, बसस्टँड, हातपंपाजवळचा चिखल, गावातली कुत्री लोळतात तो पाराखालचा भाग, इथं पिल्लाला उतरवायचंच नाही. बाहेरच्या चपला त्याच्या कोपऱ्यापासून लांब काढा. विषाणू तळव्याला चिकटूनही घरात येतो. शी-शूसाठी अंगणातली एकच जागा ठरवा, जिथं बाहेरचं कुत्रं येऊ शकत नाही.

वावरात आणखी एक धोका आहे. फवारणीचे रिकामे डबे, थिमेटचे दाणे, कोठ्यात उंदरांसाठी ठेवलेलं झिंक फॉस्फाइड, यांचा जरासा अंशही एवढ्या जिवाला पुरतो. सरकी आणि सरकीच्या ढेपेत गॉसिपॉल असतं, तेही कुत्र्याला विषारीच. ढेप ढोरांच्या गव्हाणीत राहू द्या, पिल्लाच्या तोंडाला लागू देऊ नका.

मात्र कोंडूनही ठेवू नका. तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यात पिल्लू जे बघतं-ऐकतं, त्याची भीती त्याला पुढं वाटत नाही. टोपल्यात किंवा कडेवर घेऊन त्याला ट्रॅक्टरचा आवाज ऐकवा, बैल दाखवा, पोरांचा गलका, सायकल, टोपी घातलेला माणूस, सगळं दाखवा. वावरातही असंच न्या, फक्त खाली सोडू नका. घरातल्या, लस पूर्ण झालेल्या निरोगी कुत्र्यासोबत खेळायला हरकत नाही.

दवाखान्यात तर मुळीच खाली ठेवू नका. आजारी कुत्री तिथंच येतात, त्यामुळं तालुक्यातली सगळ्यात धोक्याची फरशी बहुधा तिथलीच असते. लस २ ते ८ अंश तापमानात राहिली पाहिजे. मेडिकलमधून कुपी घेऊन खिशात टाकून आणली आणि गावातल्या कुणाकडून टोचून घेतली, तर कार्डावर तारीख पडते, पण संरक्षण मिळेलच असं नाही. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कुत्र्याची लस नेहमी असतेच असं नाही, म्हणून निघण्याआधी फोन करा. कुपीवरचं लेबल कार्डावर चिकटवून घ्या.

प्रश्न : मागच्या वर्षी आमचं पिल्लू रक्ताची हगवण लागून चार दिवसांत गेलं. घर फिनाईलनं दोनदा धुतलं. आता नवीन आणावं का?
(एक वाचक, ता. सावनेर, जि. नागपूर)

फिनाईलनं पार्व्हो मरत नाही, ताई. डेटॉलनं नाही, स्पिरिटनंही नाही. त्यावर क्लोरीन चालतं. ग्रामपंचायत विहिरीत टाकते ती टीसीएल पावडर घ्या, १० लिटर पाण्याला १०० ग्रॅम. पावडर ताजी हवी. उघडं पोतं महिनोनमहिने पडलेलं असेल तर त्यातलं क्लोरीन उडून गेलेलं असतं. फरशी आधी साबणाच्या पाण्यानं घासून धुवा, कारण घाण किंवा माती राहिली तर क्लोरीन तिच्यातच खर्ची पडतं. मग टीसीएलचं पाणी पसरवून किमान १० मिनिटं ओलं राहू द्या, नंतर साध्या पाण्यानं धुऊन पूर्ण वाळवा. हातमोजे घाला, दारं-खिडक्या उघड्या ठेवा. या पाण्यात फिनाईल किंवा संडासचं अ‍ॅसिड कधीही मिसळू नका, विषारी वायू निघतो.

घर शेणानं सारवलेलं असेल तर मात्र हा उपाय लागू पडत नाही. सारवणात शेणमातीच असते, तिथं क्लोरीन टिकत नाही. वरून नवं सारवण घातलं तर विषाणू नुसता खाली दबतो. मागच्या पिल्लाची पोती, गादी जाळून टाका, मातीचं किंवा लाकडी भांडंही ठेवू नका. अंगणातला तो कोपरा वरची चार बोटं माती काढून उन्हात उघडा पडू द्या.

तरी आमचं मत स्पष्ट आहे. त्या घरात दीड महिन्याचं पिल्लू आणू नका. साडेचार-पाच महिन्यांचं, सगळ्या सुया झालेलं आणा. छोटं पिल्लू खेळवण्याची हौस आम्ही समजू शकतो, पण घरात पुन्हा तेच होण्यापेक्षा मोठं आणलेलं बरं.

प्रश्न : पोळी-दूध देतो. खातं खूप, पण शी पातळ, पोट नगाऱ्यासारखं.
(एक वाचक, ता. मोर्शी, जि. अमरावती)

यात बहुधा दोन कारणं एकत्र आहेत. कुत्रीच्या दुधापेक्षा गाई-म्हशीच्या दुधात दुग्धशर्करा जास्त असते. ती न पचल्यानं पातळ होतं. दूध बंद करून थोडं ताजं दही देऊन बघा. दोन महिन्यांच्या पिल्लाला दिवसातून चार वेळा थोडं थोडं खाऊ घाला: मऊ शिजवलेला भात किंवा भिजवून कुस्करलेली भाकर, आणि त्यात दर वेळी उकडलेलं अंडं नाहीतर हाड काढलेलं चिकन. नुसत्या पोळीवर पिल्लाची वाढ होत नाही. जमलं तर पिल्लांचं तयार खाद्य कोमट पाण्यात भिजवून द्या, त्यात कॅल्शियमचा हिशेब केलेला असतो. कांदा, लसूण, तिखट रस्सा, चहा, द्राक्षं, चॉकलेट नको. शिजवलेलं हाड नको, त्याच्या टोकदार कपच्या होतात.

पोटाचा नगारा मात्र जंतांचा. गोलजंत आईच्या पोटातच पिल्लात उतरतात, अंकुशजंत दुधातून. म्हणून औषध दुसऱ्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी आठव्या आठवड्यापर्यंत, मग सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला. डोस वजनावर ठरतो: पायरँटेल असेल तर किलोला ५ मिलिग्रॅम. किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर आधी रिकामं टोपलं, मग पिल्लासकट टोपलं ठेवा, फरक तेवढं वजन. एकदोन दिवसांत शीतून शेवयांसारखे जंत पडतील. ती शी उचलून खोल पुरा आणि हात साबणानं धुवा. गोलजंताची अंडी मातीतून पोरांच्या पोटात गेली की अळ्या यकृतात, डोळ्यातही पोचतात.

प्रश्न : अंगभर गोचीड. ढोरांसाठी आणलेली आयव्हरमेक्टिनची बाटली घरात आहे. अर्धा मिली टोचली तर?
(एक वाचक, ता. चिमूर, जि. चंद्रपूर)

टोचू नका, भाऊ. ढोरांच्या त्या औषधात दर मिलीला १० मिलिग्रॅम आयव्हरमेक्टिन असतं आणि ते ५० किलो वजनाला १ मिली या हिशेबानं बनवलेलं असतं. दोन किलोच्या पिल्लाला अर्धा मिली म्हणजे त्या हिशेबाच्या साडेबारापट. पिल्लू झोकांड्या खातं, बाहुल्या विस्फारतात, दिसेनासं होतं, बेशुद्ध पडतं. त्यावर उतारा नाही. गोठ्यात फवारायचं डेल्टामेथ्रिन, अमिट्राझही एवढ्या लहान अंगावर नको. रॉकेल तर नकोच.

गोचीड चिमट्यानं अगदी कातडीजवळ धरून सरळ वर ओढा, पिरगाळू नका. काढलेले साबणाच्या पाण्यात टाका, बोटांनी चिरडू नका. कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात, शेपटीखाली रोज बघा. औषधच लागलं तर पिल्लांना चालणारं फिप्रोनिलचं स्प्रे डॉक्टरांकडून वजनानुसार ठरवून घ्या. खालची पोती दर दोन-तीन दिवसांनी गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात टाका आणि पिल्लाला ढोरांच्या कोठ्यापासून दूर झोपवा. हिरड्या पांढरट दिसल्या तर थांबू नका; एवढ्या पिल्लाचं रक्त गोचीड-पिसवा बघता बघता शोषतात.

तुमचा तालुका ताडोब्याला लागून आहे, म्हणून एक जादा गोष्ट. डिस्टेंपर या कुत्र्यांच्या रोगाचा विषाणू वाघ-बिबट-सिंहालाही लागतो. २०१८ साली गीरमध्ये सिंह मेले तेव्हा त्यांच्यात तो आढळला होता. पिल्लाच्या नियमित लसीत डिस्टेंपरची लस असते, म्हणजे तुमच्या पिल्लाची सुई जंगलाच्याही कामाची. आणि रात्री पिल्लू दाराच्या आत. बिबट्या अंगणातलं कुत्रं उचलतो.

प्रश्न : रात्री उलट्या सुरू झाल्या तर सकाळपर्यंत काय करावं? दवाखाना ३० किलोमीटर.
(एक वाचक, ता. धारणी, जि. अमरावती)

पिल्लू खेळकर असेल आणि एकच उलटी झाली असेल, तर दोन-तीन तास खाणं थांबवून लक्ष ठेवा. जास्त वेळ उपाशी ठेवू नका, लहान पिल्लाची साखर झपाट्यानं उतरते. मान टाकली, थरथर सुटली तर बोटावर साखरेचं पाणी घेऊन हिरड्यांना चोळा. तोंडात ओतू नका, श्वासनलिकेत जातं. उलटी थांबली असेल तरच ओआरएसचं पाणी चमचा-चमचा, दहा मिनिटांच्या अंतरानं.

हिरडी बोटानं दाबून सोडा. पांढरी झालेली जागा दोन सेकंदांत परत गुलाबी व्हायला हवी. मानेवरची कातडी चिमटीत उचलून सोडली आणि ती तशीच उभी राहिली, तर अंगातलं पाणी आटलं आहे. हिरडी चिकट, उलट्या थांबत नाहीत, शीला रक्त आणि सडका वास: अशा वेळी सकाळची वाट बघू नका. पार्व्होत पिल्लू जातं ते बहुतेक पाणी कमी पडून आणि आतड्यातले जिवाणू रक्तात उतरून, आणि सलाईन जितकं लवकर लागेल तितकी वाचण्याची आशा जास्त. १९६२ हा पशुवैद्यकीय फिरत्या पथकाचा टोल फ्री क्रमांक आहे. तो, तालुक्याच्या पशुधन विकास अधिकाऱ्यांचा आणि खासगी डॉक्टरांचा, असे तिन्ही नंबर आजच भिंतीवर लिहून ठेवा. पुढं पाठवायची वेळ आली तर तुमच्याकडून अकोल्याची पशुवैद्यकीय संस्था आहे, पूर्व विदर्भातल्यांना नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय.

माणसांच्या गोळ्या देऊ नका. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, निमेसुलाइड पिल्लाच्या आतड्याला आणि मूत्रपिंडाला जखमा करतात. हगवण बंद करायची गोळीही नको, घाण आतच कोंडते.

प्रश्न : खेळताना पिल्लाचा दात मुलीच्या हाताला लागला, थोडं रक्त आलं. पिल्लू दोन महिन्यांचं, रेबीजची सुई व्हायची आहे. लहान पिल्लाला रेबीज नसतो म्हणतात, खरं आहे का?
(एक वाचक, ता. आरमोरी, जि. गडचिरोली)

खरं नाही, ताई. आईला किंवा भावंडांना पिसाळलेलं कुत्रं चावलं असेल, तर दोन महिन्यांच्या पिल्लालाही रेबीज होऊ शकतो. जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून पूर्ण १५ मिनिटं धुवा. हळद, चुना, मिरची काही लावू नका, पट्टी बांधू नका. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात न्या. सरकारी दवाखान्यात माणसांची रेबीजची लस मोफत असते. दंडात कातडीत देतात तेव्हा ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी, आणि रक्त आलेल्या जखमेत तयार प्रतिपिंडांची (रेबीज इम्युनोग्लोब्युलिन) सुईही लागते. ती कुठं उपलब्ध आहे हे पहिल्याच दिवशी विचारा, ही सुई लांबवायची नसते. पिल्लू बांधून दहा दिवस डोळ्यासमोर ठेवा, पण त्या दहा दिवसांसाठी मुलीची लस अडवू नका. दहाव्या दिवशी पिल्लू ठणठणीत असलं तर पुढच्या सुयांचं काय करायचं ते डॉक्टर सांगतील.