ताप आला की मुलाच्या तळहात-तळपायांची भयंकर आग होते, सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत. हा आनुवंशिक आजार असू शकतो का?

ताई, तुमच्या प्रश्नातलं शेवटचं वाक्य वाचून मी थबकले. मुलगा 11 वर्षांचा. दोन वर्षांपासून ताप आला किंवा उन्हात खेळला की हातापायांची आग होते, घाम जवळजवळ येतच नाही. साखर, बी12, थायरॉईड, एनसीव्ही (मज्जातंतूंतून संदेश किती वेगाने जातो ती तपासणी) सगळं नॉर्मल, आणि आता 'अभ्यास टाळायला करतोय' असं तुम्हाला सांगितलं गेलंय. त्यानंतर तुम्ही सहज लिहावं तसं लिहिलंय, 'माझा भाऊ 37व्या वर्षी डायलिसिसवर गेला, पण त्याचा याच्याशी काही संबंध नसेल.'

संबंध असू शकतो. मी डॉक्टर नाही. पुण्यात राहते. माझ्या वडिलांना फॅब्री नावाचा आनुवंशिक मेटाबॉलिक (शरीरातल्या रासायनिक क्रिया बिघडवणारा) आजार होता, मला आणि माझ्या मुलालाही तो आहे. तुमच्या मुलाला तोच आहे असं मी म्हणत नाही, पण त्याची तपासणी झाल्याशिवाय कुणालाही 'मनाचं आहे' म्हणू देऊ नका.

माझे वडील लहानपणी रात्री अंथरूण सोडून शहाबादी फरशीवर तळपाय टेकवून बसायचे. आजी काशाच्या वाटीने तूप चोळायची. वाटीखालचं तूप काळं पडलं की म्हणायची, 'बघ, किती उष्णता निघाली.' सब्जा, गुलकंद, मोरावळा, सगळं झालं. तिशीच्या आसपास त्यांची आग बरीच कमी झाली आणि घरात सगळ्यांना वाटलं, उष्णता गेली एकदाची. घाम मात्र त्यांना कधीच आला नाही. 44व्या वर्षी किडन्या गेल्या, 49व्या वर्षी ते गेले. तळपायांची आग आणि किडनी हे एकाच आजाराचे दोन टप्पे असतील, हे तेव्हा कुणाच्या मनातही आलं नाही. आता कळतं की काही रुग्णांमध्ये वयानुसार दुखणं ओसरतं ते बरं वाटल्यामुळे नाही. दुखणं पोचवणारे बारीक मज्जातंतूच झिजून गेलेले असतात.

माझ्या मुलाचं पाचवीत असताना सुरू झालं. मार्चमध्ये गॅदरिंगच्या कवायतीची तालीम चालायची, भर दुपारी मैदानावर. मी डबा द्यायला गेले तर हा रांग सोडून बूट-मोजे काढून नळाखालच्या चिखलात उभा. 'आई, पायात तिखट भरल्यासारखं होतंय.' सरांनी त्याला माझ्यादेखत ओरडलं आणि मीही ओरडले. ते मला अजून विसरता येत नाही. मग तापात व्हायला लागलं. 101 ताप असला की चादरसुद्धा पायांना लागू द्यायचा नाही.

पण आमच्यावर विश्वास न बसायचं खरं कारण वेगळंच होतं. एकदा त्याने आंघोळीच्या कढत पाण्यात सरळ पाय घातला आणि तसाच उभा राहिला. पाय लाल झालेला मी पाहिला, त्याला काही कळलं नव्हतं. गार फरशी, गरम पाणी, दोन्हींतला फरक पायाला नीट लागत नव्हता. नातेवाईक म्हणाले, ज्याला गरम पाणी कळत नाही त्याला आग कशी होते? मलाही उत्तर देता येईना.

उत्तर असं आहे. वेदना आणि गरम-गार जाणवणं हे त्वचेजवळच्या अगदी बारीक तंतूंचं काम. घामाच्या ग्रंथीही तशाच बारीक तंतूंवर चालतात. ते बिघडले की गरम-गार कळेनासं होतं, घाम कमी होतो आणि तेच बिघडलेले तंतू विनाकारण आगीचा निरोप मेंदूला पाठवत राहतात. म्हणजे बधिरपणा आणि आग एकाच पायात एकाच वेळी असू शकते. आणि एनसीव्हीत मोजले जातात ते जाड तंतू, बारीक तंतू त्या तपासणीत दिसतच नाहीत. तुमच्या मुलाचा एनसीव्ही नॉर्मल आला यावरून एवढंच ठरतं की त्याचे जाड तंतू ठीक आहेत. तो खोटं बोलतोय हे कुठल्याही रिपोर्टात आलेलं नाही.

आमचं निदान झालं ते एका न्यूरोलॉजिस्टमुळे. त्यांनी आधी विचारलं, 'याला घाम येतो का?' आणि मग, 'शर्ट वर कर.' बेंबीभोवती आणि मांड्यांवर गडद लाल-जांभळे बारीक ठिपके होते. मी त्यांना लाल तीळ समजत होते, वडिलांनाही होते म्हणून. याच ठिपक्यांवरून 1898 साली जर्मनीत फॅब्री आणि इंग्लंडमध्ये अँडरसन अशा दोघा डॉक्टरांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे हा आजार नोंदवला. आज संध्याकाळी मुलाचं पोट, कंबर आणि मांड्या उजेडात नीट पाहा. ठिपके नसले तरी आजार नाही असं ठरत नाही, पण असले तर फोटो काढून डॉक्टरांना दाखवा.

यात अल्फा-गॅलॅक्टोसिडेज ए हे एन्झाइम कमी पडतं किंवा नसतंच. त्यामुळे जीबी3 नावाचा स्निग्ध पदार्थ रक्तवाहिन्यांच्या भिंतींत, किडनीत, हृदयात, मज्जातंतूंत साठत जातो. दुखणं बहुतेक वेळा लहानपणीच सुरू होतं, किडनी आणि हृदयाचा त्रास मोठेपणी. म्हणून दुखण्याच्या वयात ओळखणं इतकं महत्त्वाचं आहे. जेवल्यावर पोटात कळ येऊन जुलाब होणं, कानात आवाज येणं हेही होतं. डोळ्यांच्या डॉक्टरांना स्लिट लॅम्पखाली बुबुळाच्या पारदर्शक पडद्यावर भोवऱ्यासारख्या रेषा दिसू शकतात. त्याने नजर सहसा बिघडत नाही, पण निदानाला मोठा आधार मिळतो.

(दुखणं देणारा हा एकटाच मेटाबॉलिक आजार नाही. गोशेमध्ये हाडं दुखतात, पोर्फिरियात पोटात असह्य कळा येतात. पण ताप, ऊन, घाम आणि मामाची किडनी असं सगळं एकत्र आल्यावर माझं लक्ष फॅब्रीकडेच जातं.)

मामाविषयी मुद्दाम सांगते, कारण आमच्याकडे इथेच सगळे फसले. माझ्या भावाला काहीच त्रास नाही, म्हणून आत्या ठामपणे म्हणायची, 'मुलाला नाही, म्हणजे घराण्यातलं नाही.' पण हा जीन एक्स गुणसूत्रावर असतो. वडील मुलाला वाय देतात आणि मुलीला एक्स. म्हणून आजारी वडिलांकडून तो एकाही मुलाकडे जात नाही आणि प्रत्येक मुलीकडे जातो. आईकडून मात्र मुलगा असो वा मुलगी, प्रत्येकाला निम्मी शक्यता. तुमच्याकडे तो असलाच तर आजीकडून मामाकडे आणि तुमच्याकडे, आणि तुमच्याकडून मुलाकडे असा आलेला असू शकतो. डॉक्टरांनी 'घरात कुणाला आहे का' विचारलं की आपण सासरचं सांगत बसतो. या आजारात माहेरचं सांगा. भावाच्या किडनीच्या आजाराचं कारण शोधलं होतं का, तेही विचारा.

मुलाची एन्झाइमची रक्ततपासणी करून घ्या. मुलग्यांमध्ये ती बरंच सांगून जाते, मग जीनची तपासणी पक्कं करते. लघवीतलं प्रोटीन, क्रिएटिनिन, ईसीजी आणि इको सोबतच होतं. तोवर दुखण्यासाठी मनाने ब्रुफेन, डायक्लोफेनॅक देत राहू नका, किडनीला ते जड जातं आणि अशा आगीवर फारसं लागूही पडत नाही. या दुखण्याला गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन, कार्बामाझेपिन अशी मज्जातंतूंची औषधं असतात, ती डॉक्टर ठरवतील. ताप मात्र चढू देऊ नका. माझ्या मुलाच्या दप्तरात पाण्याचा स्प्रे आणि ओला नॅपकिन असतो, आणि पीटीला सावलीत बसू द्यावं असं डॉक्टरांचं पत्र शाळेत दिलंय. ते पत्र दिल्यापासून त्याला कुणी नाटकी म्हणालं नाही.

उपचार आहे. बाहेरून एन्झाइम दर दोन आठवड्यांनी सलाइनमधून देतात, आयुष्यभर. परदेशात हे 2001 पासून मिळतं. काही ठरावीक जीनदोषांवर मिगालास्टॅट ही गोळीही निघाली आहे. औषध अतिशय महाग आहे. 2021 च्या राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरणात फॅब्री आहे, आणि सेंटर ऑफ एक्सलन्समार्फत (म्हणजे या धोरणाखाली ठरवून दिलेल्या रुग्णालयांमार्फत) एका रुग्णाला 50 लाखांपर्यंत मदत मिळू शकते. आपल्याला जवळचं केंद्र म्हणजे केईएम रुग्णालय, पण पुण्यात रास्ता पेठेतलं नव्हे, मुंबईत परळचं. आम्ही सिंहगड एक्स्प्रेसने दादरला उतरून जायचो. कागदपत्रांना वेळ लागतो, म्हणून निदान झाल्या झाल्या सुरुवात करा. एक मर्यादा आधीच माहीत असू द्या: मदत ठरावीक रकमेपुरती आहे आणि औषध जन्मभराचं. पुढच्या वर्षांचं काय, हा प्रश्न आमच्याही घरात रोज असतो. माझ्या मुलाची आग पूर्ण गेलेली नाही. पण गेल्या उन्हाळ्यात तो तळजाईच्या टेकडीवर सकाळी माझ्याबरोबर चालला, आणि अर्ध्या वाटेत बूट काढले नाहीत.

आता तुमच्याविषयी. मुलाचं निदान झालं तेव्हा मला सांगितलं गेलं की तुम्ही फक्त कॅरिअर (दोष पुढे नेणाऱ्या) आहात, तुम्हाला काही नसतं. मी ते चार वर्षं खरं मानलं. बायकांनाही दुखणं, किडनी, हृदय सगळं होऊ शकतं, बहुधा उशिरा आणि कमी-जास्त प्रमाणात. शिवाय बायकांमध्ये एन्झाइम नॉर्मल येऊ शकतं, म्हणून तुमच्यासाठी थेट जीनची तपासणी मागा. माझ्या लघवीत प्रोटीन जात होतं, ते मुलाच्या फाइलसोबत माझीही फाइल उघडली तेव्हा सापडलं. थंडीतही रात्री तुमचे पाय पांघरुणाबाहेर असतात का? लहानपणी शाळेच्या मैदानावर तुम्हाला काय व्हायचं, ते आठवून पाहा आणि मुलाला घेऊन जाल तेव्हा तेही डॉक्टरांना सांगा.