जिथे स्पीकर विकलाच जात नाही, तिथे तो बसवायचा कसा? वाचकांचे प्रश्न

अलेक्सावर चालणारा ॲमेझॉनचा इको, गुगल होम, ॲपलचा होमपॉड, म्हणजे आपण बोलून हुकूम द्यायचे हे स्मार्ट स्पीकर, यातलं काहीच जिथे अधिकृतपणे मिळत नाही अशा देशांत राहणाऱ्या वाचकांची पत्रं या वेळी बरीच आहेत. प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत, म्हणून एकत्रच घेतेय.

ताई, नातेवाइकांनी येताना इको स्पीकर आणला. फोनवर ॲप शोधलं तर 'तुमच्या देशात उपलब्ध नाही' असं येतं. देश कोणता टाकायचा? व्हीपीएन (इंटरनेटवर आपण दुसऱ्या देशात आहोत असं भासवणारी सोय) लागेल का?

आधी एक सांगते, स्पीकरमध्ये काही बिघाड नाहीये. गाडी अडते ती ॲप स्टोअरपाशी आणि अकाउंटपाशी. इको २०१४ साली आला तेव्हा फक्त अमेरिकेत होता, २०१६ मध्ये ब्रिटन आणि जर्मनीत पोचला, आणि २०१७ च्या डिसेंबरात ॲमेझॉनने एका दमात आणखी ८० देशांत तो पाठवायला सुरुवात केली, पण त्या सगळ्या देशांच्या भाषा काही त्याला आल्या नाहीत. त्यामुळे सपोर्ट आहे की नाही याचं उत्तर सरळ हो-नाहीत मिळत नाही, कुठे वस्तू मिळते पण भाषा नाही, कुठे भाषा आहे पण गाण्यांची सर्व्हिस नाही, कुठे तेही आहे पण तुमच्या स्मार्ट प्लगचं स्किल (अलेक्साला ती वस्तू चालवता यावी म्हणून जोडायचं छोटं ॲप) नाही.

म्हणून पहिलं काम म्हणजे कुठलातरी एक सपोर्ट असलेला देश ठरवा आणि सगळीकडे तोच ठेवा. अकाउंट अमेरिकेचं, स्पीकरची भाषा ब्रिटनची इंग्रजी आणि प्लगच्या ॲपमध्ये तिसराच देश असं केलंत की सगळं अर्धवट चालतं आणि नेमकं कुठे अडलंय ते सापडता सापडत नाही. अलेक्साची स्किल्स देश आणि भाषा बघून दाखवली जातात, त्यामुळे एखादं स्किल दिसत नसेल तर स्पीकरची इंग्रजी बदलून बघा, पुष्कळदा तेवढ्यानेच काम होतं.

ॲपसाठी आयफोनवर सोपा रस्ता आहे. त्या देशाचा वेगळा ॲपल आयडी काढा, एखादं फुकटचं ॲप उतरवताना तो काढलात तर पैसे भरण्याच्या पर्यायांत 'नन' निवडता येतं, आणि मग सेटिंग्जमध्ये फक्त 'मीडिया अँड पर्चेसेस'ला तो आयडी लावा. आयक्लाउडला अजिबात हात लावू नका, तुमचे फोटो आणि कॉन्टॅक्ट तुमच्या जुन्या आयडीवरच राहू द्या. अँड्रॉइडवर प्ले स्टोअरचा देश वर्षातून एकदाच बदलता येतो आणि जुन्या देशातला बॅलन्स नव्या देशात वापरता येत नाही, तेव्हा हा उपाय अगदी शेवटी. आणि कुठल्यातरी साइटवरून एपीके (स्टोअरबाहेर मिळणारी ॲपची फाइल) उतरवायच्या नादी तर लागूच नका, ज्या ॲपच्या हातात घराचं कुलूप आणि माइक देणार ते कुठून आलंय हे आपल्याला माहीत असायला हवं.

गुगलच्या स्पीकरचं सेटअप मधेच अटकत असेल तर तेवढ्या वेळेपुरती फोनची भाषा अमेरिकन इंग्रजी करून बघा, नंतर परत आपली करा.

व्हीपीएनचं म्हणाल तर रोजच्या दिवे-पंख्यांसाठी त्याची गरज नाही. उलट सेटअपच्या वेळी फोनवर व्हीपीएन चालू असेल तर फोनला घरातल्याच वायफायवरचा स्पीकर सापडत नाही आणि माणूस तासभर स्पीकरच रीसेट करत बसतो. सेटअप करताना व्हीपीएन बंद ठेवा. गाणी आणि व्हिडिओ यांचा मामला निराळा, तिथे हक्क देशागणिक असतात आणि व्हीपीएनने ते मिळवायला गेलात तर सर्व्हिसच्या अटी मोडतात.

स्पीकर चालू झाला, पण तापमान फॅरनहाइटमध्ये सांगतो, आणि सूर्यास्ताला लागायचे दिवे सकाळीच लागतात. असं का?

कारण सेटअप पुढे जावा म्हणून तुम्ही पत्ता दुसऱ्या देशाचा टाकलाय. हवामान, सूर्योदय, सूर्यास्त हे सगळं स्पीकर त्या पत्त्यावरून काढतो, तेव्हा सूर्यास्त तिथला होतो आणि दिवे तुमच्याकडे लागतात. अलेक्सा ॲपमध्ये त्या स्पीकरच्या सेटिंगमध्ये जा, तिथे टाइम झोन आणि मोजमापाची एककं पत्त्यापासून वेगळी बदलता येतात, ती दोन्ही आपली करा, म्हणजे निदान गजर ताळ्यावर येईल आणि तापमान सेल्सियसमध्ये कळेल. सूर्यास्ताचं रूटीन (ठरल्या वेळी आपोआप होणारं काम) मात्र स्पीकरवर ठेवू नका. एक तर ठरलेली वेळ द्या, नाहीतर ज्या हबला (घरातल्या सगळ्या स्मार्ट वस्तू एकत्र चालवणारं यंत्र) तुमच्या घराचे खरे अक्षांश-रेखांश देता येतात त्याच्यावर ते टाका. हबबद्दल पुढे लिहिलंय.

प्लग, बल्ब, सेन्सर पण बाहेरूनच मागवावे लागणार. काय बघून घ्यायचं?

हा प्रश्न विचारलात ते फार बरं केलंत, कारण ॲपचा घोळ नंतर निस्तरता येतो पण इथे चुकलात तर पैसे जातात आणि आग लागायचीही भीती असते.

सगळ्यात आधी व्होल्टेज. स्पीकरच्या ॲडॉप्टरवर बारीक अक्षरांत 'इनपुट' असं छापलेलं असतं, त्याच्यापुढे १०० ते २४० व्होल्ट असेल तर बिनघोर वापरा, फक्त पिना जुळवणारा कन्व्हर्टर लागेल. स्मार्ट प्लगचं तसं नाही. अमेरिकेसाठी बनवलेल्या पुष्कळ प्लगवर नुसतं १२० व्होल्ट लिहिलेलं असतं, आणि तुमच्याकडे भिंतीतून २३० येत असतील तर तो प्लग कन्व्हर्टर लावूनसुद्धा वापरायचा नाही, कारण कन्व्हर्टर फक्त पिनांचा आकार बदलतो, व्होल्टेज तेवढंच राहतं. व्होल्टेजबरोबर अँपिअरही बघा. गिझर, हीटर असल्या दांडग्या वस्तू १० अँपिअरच्या प्लगवर टाकू नका, तुमच्या देशाचं सर्टिफिकेशन असलेला स्विच तिथलाच इलेक्ट्रिशियन बोलावून बसवून घ्या, थोडे जास्त पैसे गेले तरी चालतील.

मग रेडिओ, म्हणजे हब आणि वस्तू एकमेकांशी बिनतारी बोलतात ती पद्धत. झेड-वेव्ह ही त्यातली एक, तिच्या वस्तू प्रत्येक प्रदेशात वेगळ्या फ्रिक्वेन्सीवर चालतात, अमेरिकेत ९०८.४ मेगाहर्ट्झ, युरोपात ८६८.४, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये ९२१.४. अमेरिकेचा हब आणि युरोपातला सेन्सर एकमेकांशी बोलणारच नाहीत, आणि परक्या फ्रिक्वेन्सीवर वस्तू चालवणं बहुतेक देशांत बेकायदा असतं कारण ती पट्टी तिथे दुसऱ्याच कोणाला दिलेली असते. त्यामुळे अशा देशात माझं मत सरळ झिगबी, थ्रेड (याही अशाच बिनतारी पद्धती) किंवा वायफायच्या बाजूने आहे, तिन्ही २.४ गिगाहर्ट्झवर चालतात आणि ती पट्टी जवळपास सगळीकडे खुली असते. खोक्यावर मॅटरचं चिन्ह असेल तर आणखी उत्तम. वेगवेगळ्या कंपन्यांच्या वस्तू एकमेकींशी जुळाव्यात म्हणून केलेलं हे स्टँडर्ड २०२२ च्या ऑक्टोबरात आलं आणि त्यातल्या वस्तू घरातल्या घरात, कंपनीच्या सर्व्हरकडे न जाता, आदेश घेऊ शकतात.

वायफायची एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. २.४ गिगाहर्ट्झवर बऱ्याच देशांत चॅनेल १ ते १३ वापरता येतात, अमेरिकेसाठी बनवलेल्या वस्तू मात्र साधारणपणे ११ च्या पुढे बघतच नाहीत. तुमच्या राउटरने स्वतःहून १२ किंवा १३ निवडला की फोनला वायफाय फुल्ल दिसतं, बाहेरून आलेल्या प्लगला मात्र ते नेटवर्कच दिसत नाही. आज चालतंय आणि उद्या नाही असं होतं त्याला पुष्कळदा हेच कारण असतं, राउटर रीस्टार्ट झाला की चॅनेल बदलतो. राउटरच्या सेटिंगमध्ये ऑटो काढून १, ६ किंवा ११ कायमचा लावून टाका.

वॉरंटी बहुधा विकत घेतलेल्या देशातच चालते, हे धरूनच खरेदी करा.

इंटरनेट गेलं की दिवेही ऐकत नाहीत. आणि उद्या कंपनीने आमचा देश बंदच केला तर?

ही भीती खरी आहे आणि सपोर्ट नसलेल्या देशात ती दुप्पट. तुम्ही 'दिवा लाव' म्हणता, ते परदेशातल्या सर्व्हरला जातं, तो प्लगच्या कंपनीच्या सर्व्हरला सांगतो, तो परत तुमच्या घरात येतो. यात एक दुवा तुटला तरी दिवा लागत नाही. रिव्हॉल्व्ह नावाचा हब २०१६ मध्ये बंद केला गेला आणि लोकांकडची चांगली चालू असलेली उपकरणं निकामी झाली, २०२२ च्या एप्रिलमध्ये इन्स्टिऑनचे सर्व्हर अचानक बंद पडले. तिथले गिऱ्हाईक तर अधिकृत होते, आपण तर त्यांच्या हिशोबातच नाही.

म्हणून माझा आग्रह असतो की घराचा कारभार घरातच ठेवा आणि आवाज हा वरून जोडलेला सोयीचा भाग समजा. त्यासाठी, वर म्हटलेला हब म्हणून, मी होम असिस्टंट सुचवेन. २०१३ पासून चालू असलेला हा ओपन सोर्स प्रोजेक्ट आहे, रास्पबेरी पाय नावाच्या छोट्या कॉम्प्युटरवर किंवा जुन्या लॅपटॉपवर चालतो, झिगबीसाठी एक यूएसबी डाँगल (पेनड्राइव्हसारखी काडी) लागतो, आणि तुम्ही कुठल्या देशात आहात याने त्याला काही फरक पडत नाही. सेन्सर, रूटीन, सूर्यास्त सगळं त्याच्यावर राहतं, इंटरनेट गेलं तरी चालतं. मग आवाजासाठी यातलं काहीही जोडा. आयफोन असेल तर होमकिट ब्रिज (होम असिस्टंटमधल्या वस्तू ॲपलच्या होम ॲपला दाखवणारी सोय) चालू करा, स्पीकर नसला तरी फोनवरची सिरी दिवे लावेल (घराबाहेरूनही हवं असेल तर मात्र ॲपल टीव्ही किंवा होमपॉड लागतो). इको असेल तर 'एम्युलेटेड ह्यू' म्हणून सोय आहे, इकोला वाटतं घरात फिलिप्स ह्यू दिव्यांचा ब्रिज, म्हणजे त्यांचा हब, आहे, तो दिवे स्वतःच शोधून काढतो आणि देशागणिक मिळणाऱ्या स्किलची भानगडच राहत नाही. होम असिस्टंटच्या लोकांनी २०२४ च्या डिसेंबरात स्वतःचं छोटं आवाजाचं उपकरणही काढलंय, आणि व्हिस्पर नावाचं मॉडेल घरच्याच कॉम्प्युटरवर बोलणं ओळखतं. त्याच्या भाषांत मराठीसुद्धा आहे, पण छोटं मॉडेल मराठीत बरंच चुकतं आणि मोठं रास्पबेरी पायवर फार हळू चालतं, तेव्हा त्यासाठी जरा दणकट मशीन हवं.

हे सगळं जमणार नसेल आणि स्मार्ट लाइफसारखं, कंपनीच्या सर्व्हरवरून प्लग-बल्ब चालवणारं ॲपच वापरणार असाल तर अकाउंट उघडताना जो देश निवडाल तो विचार करून निवडा. कुठल्या डेटा सेंटरला जायचं ते त्यावर ठरतं आणि नंतर बदलायचं म्हटलं तर नवं अकाउंट उघडून एकेक वस्तू पुन्हा जोडावी लागते.

आईला इंग्रजी येत नाही आणि आमच्या स्पीकरला मराठी येत नाही. तिच्यासाठी काय करू?

त्यांना बोलायला लावूच नका. झिगबीची बॅटरीवर चालणारी बटणं मिळतात, एक त्यांच्या उशाशी चिकटवा, एकदा दाबलं की दिवा, दोनदा दाबलं की पंखा, आणि पॅसेजमध्ये मोशन सेन्सर लावा म्हणजे रात्री उठल्यावर दिवा आपोआप लागेल. स्पीकर वापरायचाच असेल तर खोल्यांची नावं हॉल, किचन अशी घरात रोज बोलतात तीच ठेवा, ती इंग्रजीतच असल्यामुळे स्पीकरलाही कळतात.

आणि त्यांच्या खोलीत स्मार्ट बल्ब घालू नका. भिंतीवरचं बटण बंद केलं की स्मार्ट बल्बची वीजच जाते आणि मग तो ना ॲपचं ऐकतो ना स्पीकरचं, आणि झोपताना बटण बंद करायची त्यांची सवय काही मोडायची नाही, मोडूही नये. त्याऐवजी स्विचबोर्डच्या मागे बसणारं मॉड्यूल घ्या, बटण नेहमीसारखं चालतं आणि शिवाय फोनवरूनही चालतं. यातल्या बऱ्याच मॉड्यूलना न्यूट्रल वायर लागते आणि जुन्या घरांत ती स्विचबोर्डपर्यंत आलेली नसते, तेव्हा ऑर्डर करायच्या आधी इलेक्ट्रिशियनकडून बोर्ड उघडून बघून घ्या.